अंथरुणाची साक्ष

पहाटेचे साडेतीन-चार. दिवसभर गजबजलेला पौड रस्ता आत्ता कुठे थोडा गप्प झालेला. मुळशीतल्या भुकूममधल्या एका घरात, असं समजू, पासष्टीचे एक आजोबा झोपेतच ओरडतात, "हाण, हाण त्याला!" आणि शेजारी झोपलेल्या आजींच्या बरगडीत लाथ बसते. आजी त्यांना गदागदा हलवतात. आजोबा लगेच भानावर येतात आणि सांगतात, रानडुकरं भातात घुसली होती, काठी घेऊन मागे लागलो होतो. सकाळी चहाच्या वेळी घरभर हशा. पुढे महिन्यातून एकदा होणारं आठवड्यातून दोनदा होऊ लागतं, एकदा आजोबा पलंगावरून खालीच पडतात, आणि आजी आपली गोधडी उचलून दुसऱ्या खोलीत झोपायला जातात. कुणी म्हणतं अंगारा लावा, कुणी म्हणतं वयच झालं. दवाखान्यात मात्र ही गोष्ट कुणी काढत नाही. तिथे रक्तदाब सांगायचा, गुडघे सांगायचे. झोपेतल्या लाथा काय सांगायच्या?

त्या सांगायला हव्यात. का, ते कळण्यासाठी आधी निरोगी झोपेत काय होतं ते पाहू.

झोप म्हणजे रात्रभराचा एकसलग अंधार नव्हे. साधारण दीड तासाला एक अशा तिच्या फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी एक चमत्कारिक टप्पा येतो. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, मेंदू जवळपास जागेपणाइतका कामात असतो आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. डॉक्टर याला रेम झोप म्हणतात. पहाट जवळ येते तसा हा टप्पा लांबत जातो. स्वप्नात आपण धावतो, भांडतो, विहिरीत पडतो, आणि तरीही अंथरुणात मुकाट पडून असतो. कारण त्या वेळी मेंदूच्या देठातला एक लहानसा भाग मज्जारज्जूला निरोप धाडतो की हातापायांचे स्नायू सैल सोडा. डोळे आणि श्वासाचा पडदा तेवढे वगळले जातात. रोज रात्री आपण थोडा थोडा वेळ असे लुळे होतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

हा निरोप पोचला नाही तर काय होईल, हे साठच्या दशकात फ्रान्समधल्या लियाँ शहरात मिशेल झुव्हे यांनी मांजरांवर पाहिलं. मेंदूच्या देठातली ती नेमकी जागा निकामी केल्यावर मांजरं रेम झोपेत उठून उभी राहत, दिसत नसलेल्या उंदरावर झडप घालत. माणसांत हाच प्रकार आजार म्हणून पहिल्यांदा नीट नोंदला तो १९८६ साली, अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी. आपल्या आजोबांचं तेच झालेलं आहे: स्वप्न चालू आहे, पण स्नायूंचं कुलूप लागलेलं नाही.

झोपेत चालणाऱ्या मुलांशी याची गल्लत करू नये. मूल चालतं ते रात्रीच्या पहिल्या प्रहरात, गाढ झोपेतून. उठवलं तर गोंधळतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. आजोबांचा प्रकार उत्तररात्रीचा. ते हाक मारताच जागे होतात, स्वप्न सांगतात आणि ते स्वप्न हातवाऱ्यांशी जुळतं. हे वर्णन घरचं माणूस जितकं नेमकं देईल तितकं डॉक्टरांचं काम सोपं. तरी खात्री करायची तर एक रात्र झोपेची तपासणी करावी लागते, कारण घोरण्याच्या मोठ्या विकारात, म्हणजे श्वास अडकून झोप मोडते तेव्हाही, माणूस असाच हातपाय झाडतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हा प्रकार सुरू होऊ शकतो. ही दोन कारणं सापडली तर ती आनंदाचीच बातमी. एकाला उपचार आहे, दुसऱ्यात डॉक्टर गोळी बदलू शकतात. ती आपण होऊन बंद करायची नाही.

दोन्ही नसली तरी लाथा आटोक्यात येतात. मेलॅटोनिन किंवा क्लोनाझेपाम या औषधांनी पुष्कळांची रात्र शांत होते; म्हाताऱ्या माणसाला क्लोनाझेपामनं तोल जायची भीती असते, म्हणून ते जपून देतात. पण औषधाआधी खोली आवरावी. पलंगाऐवजी जमिनीवर गादी, उशाजवळचं कोनाड्याचं टोक झाकलेलं, कोयता-काठी दुसऱ्या खोलीत. आजींनी वेगळं झोपण्यात काही वाईट वाटून घेऊ नये. त्यांना मार बसू नये, हाही उपचाराचाच भाग.

आता अवघड भाग. या झोपविकाराचा पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अनेक देशांतल्या २४ केंद्रांमधले १२८० रुग्ण त्यात होते. दर वर्षी त्यांतल्या सुमारे ६ टक्के लोकांना पार्किन्सन किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी एखादा आजार जडत गेला, आणि बारा वर्षांच्या अखेरीस हा आकडा अंदाजे ७३ टक्क्यांवर पोचला. म्हणजे आजोबांच्या लाथा हे पुष्कळदा पुढच्या आजाराचं फार आधी आलेलं पत्र असतं. त्याच्याबरोबर आणखी दोन पत्रं आलेली असतात, पण ती कुणी उघडलेली नसतात. एक जुनाट बद्धकोष्ठ. दुसरं वास न येणं. मुळशीच्या घरात आंबेमोहोर शिजत असतो, सगळ्या आळीला कळतं, आणि चुलीजवळ बसलेल्या आजोबांना काही जाणवत नाही. घरच्यांना वाटतं, सर्दी असेल.

हे रुग्णाला सांगावं का? आजार यायचा थांबवणारं औषध आज हाती नाही, मग उगाच घोर कशाला लावायचा, असा एक पक्ष आहे. मला तो पटत नाही. लेकाचं लग्न, जमिनीची वाटणी, घराच्या जिन्याला कठडा, रोजचा व्यायाम, हे ठरवायला दहा वर्षं हाताशी असणं ही लहान गोष्ट नाही. पण ऐकायची इच्छा आहे का, हे आधी विचारायला हवं, लादू नये.

पाच-सात वर्षं जातात. आजोबांचा उजवा खांदा धरतो. हाडांच्या डॉक्टरांकडे शेक घेऊन होतो, उपयोग होत नाही. चालताना उजवा हात हलत नाही, तो नुसता लोंबतो. विकास सोसायटीच्या कागदावर सही करताना अक्षरं शेवटाकडे बारीक होत जातात. चेहऱ्यावरचं हसू हरवतं आणि पाहुणे म्हणतात, "काका रागावलेत का?" आणि मग एक दिवस, मांडीवर ठेवलेला हात आपोआप थरथरू लागतो.

मराठीत पार्किन्सनला कंपवात म्हणतात. नाव जुनं आहे, पण थोडी दिशाभूल करतं, कारण पुष्कळांना सुरुवातीला कंप नसतोच. खरं मूळ लक्षण आहे मंदपणा. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा माणसांच्या वर्णनावरून यावर निबंध लिहिला. त्यांतले काही त्यांना रस्त्यातच दिसले होते. झोप बिघडते, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय.

आत काय चाललेलं असतं? मेंदूच्या देठाच्या वरच्या टोकाला एक काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि मेंदूच्या खोल गाभ्यात पोचवतात. भातखाचरांना पाणी देणाऱ्या माणसाचं काम डोळ्यांपुढे आणा. पाणी पाटात असतंच. त्यानं एका खाचराचं दारं उघडायचं, बाकीची माती लावून बंद ठेवायची. हालचालींचंही तसंच. कप उचलायचा तर त्यासाठी लागणारी हालचाल सुटली पाहिजे आणि नको असलेल्या शंभर हालचाली अडवल्या पाहिजेत. डोपामिन म्हणजे तो दारं धरणारा माणूस. काळसर पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेल्यावर तो एकटा पडतो, आणि लक्षणं दिसू लागतात. हातापायात ताकद असते, इच्छा असते, पण दार उघडत नाही.

इथे चहाच्या कपाची एक घरगुती परीक्षा सांगतो. पार्किन्सनचा हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो आणि कपाकडे जाताच बऱ्याचदा शांत होतो. उलट मांडीवर शांत असलेला हात कप तोंडाशी नेताना हिंदकळत असेल, आणि वडिलांचा, काकांचाही तसाच हलत असे, तर तो बहुधा घराण्यात चालत आलेला निराळा कंप असतो. त्याला वेगळं औषध आहे. परीक्षा घरी करावी, निदान मात्र डॉक्टरांनीच.

पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाची, लेव्होडोपाची, कथा आपल्या डोंगरांच्या दोन झाडांवरून जाते, आणि मला ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पहिलं झाड सर्पगंधा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं की सर्पगंधानं वाढलेला रक्तदाब उतरतो, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. ते घेणाऱ्या काही रुग्णांना मात्र पार्किन्सनसारखाच ताठरपणा आणि मंदपणा येई. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिलं. ससे जागच्या जागी थिजून बसले, कान पडले. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं, आणि ससे हिंडू लागले. रेसर्पिननं मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा केला होता आणि लेव्होडोपानं तो पुन्हा भरला. यासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. दरम्यान व्हिएन्नात होर्निकिएविच यांनी पार्किन्सनच्या मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिनचा दुष्काळ दाखवला, आणि १९६७ साली अमेरिकेत कोटझियास यांनी तोंडावाटे लेव्होडोपा देऊन वर्षानुवर्षं खिळलेली माणसं हिंडतीफिरती केली.

दुसरं झाड खाजकुयली. पावसाळा सरला की कुंपणांवर, ओढ्याकाठच्या झुडपांवर हिच्या शेंगा लोंबतात आणि त्यांच्या लवेनं गुरं राखणारी पोरं अंग खाजवून हैराण होतात. तिच्या बियांत लेव्होडोपा भरपूर असतं. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ साली ते वेगळं करून दाखवलं. वैद्य तर कंपवातावर ती आधीपासूनच देत होते. मग गोळी सोडून बियांची भुकटी घ्यावी का? इथे मी हात जोडतो. बियांत लेव्होडोपाचं प्रमाण कमीजास्त असतं, आणि गोळीवर ही भुकटी परस्पर घेतली तर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. घ्यायचीच असेल तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध माहीत हवं.

आज मिळणाऱ्या गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असतं. ते वाटेतच औषधाचं डोपामिन होऊ देत नाही, त्यामुळे मळमळ कमी होते आणि मेंदूपर्यंत अधिक माल पोचतो. ही गोळी आजार थांबवत नाही. ती दारं धरणाऱ्याला गडी पुरवते. म्हणून ती घड्याळाच्या काट्यावर घ्यायची असते. औषधाचा रक्तातला मुक्काम थोडक्या वेळाचा. सुरुवातीची वर्षं उरल्यासुरल्या पेशी ते साठवून वापरतात, म्हणून दिवसातून तीन गोळ्यांवर भागतं. पुढे साठवायला पेशीच उरत नाहीत. मग गोळी उतरली की माणूस थिजतो आणि चढली की कधीकधी अंग नको तितकं डुलतं. डॉक्टर मात्रा लहान करून वेळा वाढवतात. गोळी एकदम बंद करणं धोक्याचं असतं, उपासाच्या दिवशीसुद्धा.

अनेकांना कुणी न सांगितलेली गोष्ट म्हणजे डाळीची. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेनं शिरतं, त्याच वाटेनं प्रथिनांचे तुकडेही जातात. गोळी घेऊन लगेच वाटीभर वरण, दूध किंवा अंडी खाल्ली तर दारात गर्दी होते आणि गोळी बाहेर ताटकळते. "आज गोळीनं कामच केलं नाही" असं आजोबा म्हणतात तेव्हा आधी जेवणाची वेळ विचारावी. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घेतली तर बहुधा जमून जातं. लोहाची गोळीही तिच्यासोबत नको, दोन तासांचं अंतर ठेवावं.

आता "बरं होईल का?" हा प्रश्न. त्याचं एकच उत्तर नाही, कारण बाहेरून सारखे दिसणारे आजार आतून वेगवेगळ्या जागी अडलेले असतात. पेशी मेल्या असतील तर त्या परत येत नाहीत. पण कधीकधी पेशी धडधाकट असतात, डोपामिनही असतं, आणि कुणीतरी दारालाच बाहेरून कडी घातलेली असते. ती कडी बऱ्याचदा आपल्याच औषधांच्या डब्यात असते. ॲसिडिटीच्या काही कॅप्सुलांत आम्ल कमी करणाऱ्या औषधासोबत लेव्होसल्पिराइड असतं. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, उलटीवर मेटोक्लोप्रामाइड. ही औषधं डोपामिनचा रस्ता अडवतात. चार दिवस घेतली तर बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षवर्ष तीच कॅप्सूल आणली जाते, आणि एक दिवस एखाद्या आजी हळू चालू लागतात, लाळ गळते, हात कापतो. यांना पार्किन्सनच्या गोळीवर गोळी चढवायची नसते, आधीची कॅप्सूल काढायची असते. ती थांबल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुतेक जण पूर्ववत होतात. थोड्यांच्या बाबतीत मात्र लक्षणं मागे राहतात, कारण दबा धरून बसलेला खरा आजार त्या औषधानं उघडा पाडलेला असतो. तरुण मुलाचा हात कापू लागला तर शरीरात तांबं साठवणारा विल्सनचा आजार आधी तपासावा; वेळेत सापडला तर त्यावर चांगले उपचार आहेत.

पुरतं बरं होऊ शकणारं दुसरं दुखणं रात्रीचंच आहे आणि बायकांत जास्त आढळतं. आषाढात मुळशीत भाताची लावणी असते. दिवसभर चिखलात वाकून आलेली बाई रात्री पाय दुखतात म्हणते, त्यात नवल नाही. ते पाय झोपल्यावर निवतात. पण काहींचे पाय झोपल्यावरच पेटतात. आतून काहीतरी वळवळल्यासारखं, ओढल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं आणि आडवं झालं की पुन्हा तेच. थकव्याला विश्रांती मानवते, याला चालणं मानवतं. फरक एवढ्यावर ओळखावा. "पाय चेपून दे गं" म्हणत या बायका वर्षं काढतात. मेंदूला डोपामिन बनवायला लोह लागतं, आणि या दुखण्यात बऱ्याचदा लोहाचा साठा आटलेला असतो. गंमत अशी की हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिता असू शकतो, म्हणून फेरिटिन नावाची वेगळी तपासणी करून घ्यावी. डॉक्टर ७५ च्या खालचा आकडा कमी धरतात. लोह भरून काढलं की पुष्कळांची झोप परत येते. जेवणावर लगेच घेतलेला चहा मात्र लोह अंगी लागू देत नाही. गरोदरपणात सुरू झालेला हा त्रास बाळंतपणानंतर बहुधा आपसूक जातो. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांनी तो वाढतो, आणि झोप लागावी म्हणून नेमक्या त्याच गोळ्या घेतल्या जातात.

परत आजोबांकडे. त्यांच्या पेशी परत येणार नाहीत, पण पुढची वर्षं कशी जातील हे बरंचसं ठरायचं आहे. २०१८ साली अमेरिकेत १२८ नवख्या रुग्णांवर केलेल्या एका चाचणीत, आठवड्यातून चार वेळा ट्रेडमिलवर चांगली धाप लागेपर्यंत चालणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत फारशी वाढली नाहीत. न चालणाऱ्यांची वाढली. भुकूमच्या चढांवर ट्रेडमिलची गरज नाही, फक्त सोबत हवी. पाऊल जमिनीला चिकटलं, दारात माणूस थिजला, तर हात धरून ओढू नये, तो पडतो. त्याच्या पायापुढे काठी आडवी ठेवावी आणि ती ओलांडायला सांगावं, किंवा एक-दोन, एक-दोन म्हणावं. रेघ आणि ताल बाहेरून मिळाले की मेंदू बिघडलेला रस्ता सोडून दुसऱ्या वाटेनं पाऊल सोडतो. सपाट जमिनीवर अडणारा माणूस जिना सहज चढतो तो यामुळेच. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले, त्यामागे हेच आहे. टाळमृदंगावर पावली खेळलेल्या आजोबांना हे समजावून सांगावं लागत नाही. हरिपाठ मोठ्यानं म्हटला तर बारीक झालेल्या आवाजाचाही व्यायाम होतो.

गोळ्यांचे चढउतार हाताबाहेर गेले तर मेंदूत तार बसवून विजेचे ठोके देण्याची शस्त्रक्रिया आहे. फ्रान्समध्ये बेनाबिद यांनी १९८७ साली तिची सुरुवात केली. खर्च कित्येक लाखांत जातो, आणि कंप सोडला तर गोळीनं जे सुधारतं तेवढंच तिनं सुधारतं, हे आधी समजून घ्यावं. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द थोडे सणासुदीचे वाटतात खरे, पण "पेशंट" या हाकेपेक्षा कितीतरी बरे, आणि तिथे समोरचा माणूस आपल्याच वाटेवर चार पावलं पुढे असतो.

मेंदूच्या डॉक्टरांकडे पुण्याला जाताना तीन गोष्टी घ्याव्यात. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांची पिशवी, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यांसकट. मोबाइलवर काढलेला पहाटेच्या हातवाऱ्यांचा आणि चालण्याचा व्हिडिओ. आणि आजी. होतं असं की कागदपत्रं सांभाळणारा मुलगा आत जातो आणि आजी बाहेर बाकावर पिशवी धरून बसतात. लाथा कधीपासून, किती वाजता, स्वप्न काय होतं, वास कधीपासून येईनासा झाला, हे मुलाला माहीत नसतं. खोलीत एकालाच घेणार असतील तर मुलानं बाहेर बसावं.